माझ्यावर कुणी बसेना!

मित्रांनो, तुम्ही मला रोज बघता आणि लगेच विसरता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकाकडे कोण टक लावून बघत बसतं? मुकुंदवाडी स्टेशनकडून येणारा रस्ता बागेच्या फाटकापाशी वळतो ना, तिथल्या कडुनिंबाखालचा सिमेंटचा बाक म्हणजे मी. रंगाने राखाडी, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे. वय फारसं नाही, पण इथलं ऊन खाऊन लवकरच जुना दिसायला लागलोय.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यातला. पोटात लोखंडी सळ्या घातल्या, वरून खडी-वाळू-सिमेंट ओतलं आणि साच्यातून काढल्यावर कितीतरी दिवस ओलं गोणपाट पांघरवून मला पाणी पाजलं. लोकांना वाटतं सिमेंट वाळून कडक होतं. छे हो! मी पाणी पिऊन कडक झालो.

तिथल्या अंगणात माझ्या शेजारी एक स्टीलचा बाक होता. त्याला रूपाची कोण घमेंड! पलीकडे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा बाक, पाठीवर पिसारा फुलवलेला मोर. गिऱ्हाईक आलं की आधी त्या दोघांकडे धावायचं. मी आपला गप्प.

चैत्रातल्या एका भर दुपारी तिथं तिघं जण आले. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करणाऱ्या सरूबाई, त्यांचा इथं कंपनीत नोकरीला असलेला मुलगा गोकुळ आणि आमच्या बागेच्या समितीचे मुकुंदराव. सरूबाईंचे मालक रामकिसन आदल्या वर्षी वारले होते. शेवटच्या आजारपणात ते गोकुळकडे राहायचे. एकदा बागेकडे चालत येताना त्यांना दम लागला, म्हणून ते एका दुकानाच्या पायरीवर टेकले, तर दुकानदाराने उठवलं. घरी आल्यावर त्यांनी राग राग केला नाही. "तिथं एक बाक पायजे गं, लई लोकं दमत्यात," एवढंच बायकोला म्हणाले. ते राहून गेलं, आणि आता सरूबाई तोच बाक निवडायला आल्या होत्या.

"माय, ह्यो स्टीलचा बघ, कसा चमकतोय!" गोकुळ म्हणाला.

सरूबाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई! भाकर भाजंल की यावर!"

मुकुंदरावांचा जीव मोरावर जडला होता. "मावशी, हा घ्या. बागेला शोभा येईल."

सरूबाई मोराला टेकून बसल्या आणि कळवळून पुढे सरकल्या. "शोभा हाय, पर चोच टोचतीया."

मग त्या माझ्याकडे आल्या. बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटले. माझ्या छातीत धडधडलं म्हणा की! उठताना त्यांनी माझ्या दांड्यांवर जोर दिला आणि "आई गं" न म्हणता सरळ उभ्या राहिल्या. "ह्योच. ह्यो उठताना हात देतुया," त्या म्हणाल्या. आयुष्यात कुणी केलेलं माझं ते पहिलं कौतुक. मी हुरळून गेलो.

सरूबाई गावी परतल्या आणि पुढचं सगळं गोकुळने मनापासून केलं. मला इथं कडुनिंबाखाली बसवून घेतलं. त्याने आबांचा, म्हणजे रामकिसनांचा, फेटा बांधलेला फोटो एका फरशीवर छापून घेतला. ती फरशी माझ्या पाठीच्या मधोमध स्क्रूने बसवली. खाली 'कै. रामकिसन यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलं. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मुकुंदरावांनी छोटंसं भाषण ठोकलं. मंडळी पांगली आणि मी पहिल्या माणसाची वाट बघू लागलो.

पहिल्या आल्या केसरबाई. डोक्यावर भाजीची पाटी, तोंडाला फेस आलेला. पाटी उतरवून त्या टेकणार तेवढ्यात त्यांना फोटो दिसला. त्यांनी पटकन डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि समोर मातीत बसल्या. "वडीलधाऱ्या माणसाकडं पाठ कशी करावी बाई," असं पुटपुटल्या.

आणि हेच सगळ्यांचं झालं! कुणी झेंडूचं फूल ठेवी, कुणी उदबत्ती लावी. काही जण चपला काढून नमस्कार करत. काठी टेकत येणारे म्हातारेसुद्धा माझ्यासमोर उभे राहून धापा टाकायचे, पण बसायचे नाहीत. माझा जीव तुटायचा. अहो, मी बाक आहे, देव्हारा नव्हे! पण ओरडणार कसा? गोकुळ तेवढा रोज कामावर जाताना गाडी थांबवून फोटोकडे बघायचा आणि समाधानाने पुढे जायचा.

कापसाची वेचणी उरकून सरूबाई पुन्हा शहरात आल्या. संध्याकाळी गोकुळला घेऊन मला बघायला निघाल्या, तर केसरबाई आपल्या नेहमीच्या मातीत बसलेल्या.

"बाई, खाली का गं बसलीस? बाक मोकळाच हाय की."

"तिथं कुणी बसत नाय, आक्का. मोठं माणूस हाय तिथं."

सरूबाईंनी फोटोकडे पाहिलं. फुलं पाहिली, उदबत्तीची राख पाहिली. मग म्हणाल्या, "गोकुळ, ही फरशी काढ."

गोकुळचा चेहरा पडला. "माय, आबांना काढून टाकू? सकाळी तेवढंच तोंड दिसतं गं त्यांचं."

"घरात लाव आन बघ की पोटभर. मी कुठं नाय म्हणते?" त्यांचा आवाज मऊ झाला. "त्यांना लोकांना बसवायचं व्हतं बाबा. आन तू समद्यांना उभं केलंस."

गोकुळ तोंड फिरवून निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाना-पेचकस घेऊन आला. एकेक स्क्रू हळूच काढला, फरशी शर्टाने पुसली आणि पिशवीत नीट ठेवली. नाव मात्र माझ्या पाठीमागच्या बाजूला लिहून घ्यायचं त्याने आदल्या रात्री घरी सरूबाईंना कबूल केलं होतं. मग, कुणाला दिसू नये म्हणून इकडेतिकडे बघत, तो माझ्यावर बसला. जिथं फोटो होता तिथंच त्याने पाठ टेकली आणि बापाच्या आठवणीने ढसाढसा रडला. मी काय करणार? त्याला टेकू दिला.

तेवढ्यात पाटी घेऊन केसरबाई आल्या. त्यांनी रिकामी पाठ पाहिली, रडणारा गोकुळ पाहिला. क्षणभर घुटमळल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सरक की दादा जरासा. पाय लई दुखत्यात."

गोकुळ डोळे पुसत सरकला.

तेव्हापासून माझी पाठ क्वचितच मोकळी असते. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यावर थुंकू नका, खिळ्याने नावं कोरू नका. फुलंही नकोत, नमस्कारही नको. दमलात की खुशाल बसा, आणि कुणी आलं की सरका.