चौथ्या टाकीपुढचे बूट

माझे काका दुधाच्या टाकीत बुडून मेले. आता हे वाक्य विसरून जा, कारण तसं काही घडलेलं नाही. आमच्या डेअरीचं अधिकृत म्हणणं तेच आहे आणि मी अजून तिथेच नोकरीला असल्यामुळे माझंही तेच आहे. तर काही घडलेलं नाही. ते कसकसं घडलं नाही, एवढंच सांगतो.

काका टाक्या धुवायचे आणि मी मलई काढायचं यंत्र चालवतो. नोकरी त्यांनीच लावली. पहिल्या दिवशी त्यांनी मला यंत्रापुढे उभं केलं आणि विचारलं, "सांग, बिनमलईचं दूध कुठली गाय देते?"

"बारीक असेल ती," मी म्हणालो.

काकांनी हे पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात सांगितलं.

गाय बिचारी एकाच प्रकारचं दूध देते. शंभर गोठ्यांतलं दूध टँकरने येतं आणि आमच्या टाक्यांत एकत्र पडतं. तिथून ते गरम होऊन माझ्याकडे येतं. माझं यंत्र त्याला असं गरगर फिरवतं की जड दूध कडेला जातं आणि हलकी मलई मधे राहते. एका नळीतून मलई, दुसरीतून निळसर, पाणचट दूध. एवढा खटाटोप करून वेगळी केलेली मलई मग आम्ही त्याच दुधात परत घालतो, पण मोजून. भरपूर घातली की ते पैलवानांचं दूध, थोडी घातली की घरगुती, मुळीच नाही घातली की डॉक्टरांनी सांगितलेलं. मग ते एका बारीक फटीतून इतक्या दाबाने ढकलतात की मलईच्या थेंबांचा चुरा होतो आणि ती पुन्हा कधी वर येऊन साय धरत नाही. त्यातलंच काही क्षणभर उकळीपलीकडे तापवून खोक्यात भरतात. ते महिनोन्महिने नासत नाही.

"माणसांचंही असंच," काका म्हणायचे. "साहेब काही वेगळे जन्मत नाहीत. त्यांच्यात मागाहून मलई घालतात."

टाक्या धुवायला आपोआप चालणारे फवारे आहेत. पण चौथ्या टाकीत ढवळणीच्या पात्यामागे फवारा पोचत नाही आणि तिथे दुधाचा थर साठून दगडासारखा घट्ट होतो. तो घासायला काका आत उतरायचे. झाकण टाकीच्या माथ्यावर, शिडी चढून जायचं. बुटांची घाण दुधात नको म्हणून बूट शिडीच्या पायथ्याशी काढायचे. यातूनच आमच्याकडे पद्धत पडली होती. टाकीपुढे बूट दिसले की आत माणूस आहे. पाटी नाही, कुलूप नाही, नुसते बूट. पंपवाला बूट नाहीत असं बघायचा आणि मगच टाकी भरायला घ्यायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी लिहिलं नव्हतं आणि कधी चुकलंही नव्हतं.

पाळी संपली की तेच बूट दाराजवळच्या मांडणीवर. मांडणीवर बूट म्हणजे माणूस घरी.

त्या दिवशी सुरक्षेची तपासणी होती. मोठ्या साहेबांनी सकाळी सगळ्यांना गोळा केलं. "जमिनीवर एकही वस्तू दिसता कामा नये. पडलेलं उचला, उघडं असेल ते झाका, आणि प्रत्येकाच्या कानात बोळे हवेत."

हे काम भांडारवाल्याकडे गेलं. तो एरवी टाक्यांकडे फिरकायचाही नाही. त्याला आम्ही चुंबक म्हणतो. खाली पडलेली वस्तू त्याला चिकटल्याशिवाय राहत नाही. लहानपणी म्हणे तो शेजाऱ्यांच्या चपला उचलून घरी आणायचा आणि त्याची आई संध्याकाळी त्या वाटत फिरायची.

काका ब्रश घेऊन निघाले तेव्हा मी म्हणालो, "आज कशाला उतरताय? ते काय टाकीच्या आत बघणार आहेत?"

"ते नाही बघत," काका म्हणाले. "दूध बघतं ना."

"दुधाला डोळे असतात वाटतं?"

"तुझ्यापेक्षा बरे असतात. कानात बोळे घाल, साहेब येतोय."

मी बोळे घातले. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते, म्हणजे, नव्हतंच.

थोड्या वेळाने चुंबक चौथ्या टाकीपाशी आला. जमिनीवर बूट पडले होते. त्याने ते उचलले, पुसले आणि मांडणीवर काकांच्या जागी नीट जोडीने ठेवले. मग त्याला झाकण उघडं दिसलं. शिडी चढून त्याने तेही लावलं आणि वरून खटका अडकवला. पुढे पंपवाला आला. बूट नव्हते. त्याने दूध सोडलं.

तपासणीचे पाहुणे त्याच टाकीपुढे उभे होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "आतून काही वाजतंय का?"

"जुनी ढवळणी आहे," साहेब म्हणाले. "पातं वाजतं."

"तेल द्या."

"देतो."

पुढे ते पातं वाजायचं थांबलं. पाहुण्यांनी शेरा दिला की इतका नीटनेटका कारखाना त्यांनी पाहिला नाही.

दूध माझ्याकडे आलं. मी मलई काढली, मोजून परत घातली. आमच्या दुधाच्या तपासनिसाने नमुना घेतला, जिभेवर फिरवला आणि चव सामान्य असल्याचं सांगितलं. भरपूर मलईचं, थोड्या मलईचं, बिनमलईचं, खोक्यातलं, सगळे प्रकार निघाले आणि गाड्यांत चढले. दुपारनंतर मात्र चौथ्या टाकीतून येणारी धार बारीक झाली. टाकीत अजून वीतभर दूध उरलं होतं, पण येत नव्हतं. तोंडाशी काहीतरी अडकलं असणार म्हणून मी शिडी चढलो आणि खटका काढला.

काका तळाशी होते. अनवाणी. ब्रश हातातच होता.

मांजर डोळे मिटून दूध पितं हे मी ऐकून होतो. साहेबांचं मी पाहिलं. त्या संध्याकाळी ते फळं घेऊन घरी आले आणि काकूसमोर खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, फार वाईट झालं. पण ते कामावर नव्हते हो. पाळी संपवून निघालेले होते. बूट मांडणीवर होते."

"मग टाकीत कोण होतं?"

"ते परत आले असतील. स्वतःच्या मर्जीने."

"अनवाणी? आणि वरून खटका स्वतःच लावला?"

साहेबांनी फळांकडे पाहिलं. "डेअरीला जाण आहे, वहिनी. यापुढे तुम्हाला रोज एक लिटर घरपोच. पूर्ण मलईचं पाठवू की कमी मलईचं?"

काकूने बराच वेळ विचार केला. खरंच केला, तिला प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय आहे.

"ज्यात हे नव्हते ते," ती म्हणाली.

"ते कशातच नव्हते, वहिनी. तेच तर सांगतोय."

साहेब गेल्यावर ती मला म्हणाली, "मला दुसरं काही नको. ते कामावर होते एवढं यांच्या तोंडून यायला हवं. तीस वर्षं कामाला गेलेला माणूस शेवटच्या दिवशी काय फिरायला गेला होता?"

दुसऱ्या दिवशी मी मांडणीवरून काकांचे बूट उचलले आणि चौथ्या टाकीपुढे ठेवले. पंपवाला आला, बूट बघून थबकला आणि माघारी गेला. टँकर दारात उभे राहिले.

साहेब धावत आले. "हे काय चाललंय? आत कोण आहे?"

"बूट आहेत, साहेब," पंपवाला म्हणाला. "बूट असताना मी सोडत नाही."

"आत कुणी नाहीये!"

"कालही नव्हतं."

साहेबांनी चुंबकाला बूट उचलायला सांगितलं. चुंबकाने हात मागे घेतले. त्या दिवसापासून तो खाली पडलेलं काहीच उचलत नाही. परवा त्याचा स्वतःचा डबा पडला, तोही तिथेच राहिला. शेवटी साहेबांनी बूट स्वतः उचलले, हात लांब धरून, आणि मला म्हणाले, "हा तमाशा नको. तुमच्या काकूंना काय हवंय ते रीतसर लेखी द्या. वर पाठवतो."

वर म्हणजे कुठे ते मला माहीत नाही. तिथून काही खाली आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण काकूने सांगितलं आणि मी रीतसर भाषेत बसवलं.

"विषय : टाकी क्रमांक चार न भरण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, अर्जदाराचे पती कामाच्या वेळेत सदर टाकीत साफसफाईसाठी उतरले. डेअरीच्या म्हणण्यानुसार टाकीत कोणीही मृत झालेले नाही. सबब ते अद्याप कामावरच आहेत. तरी त्यांचे बूट टाकीसमोर पूर्ववत ठेवण्यात यावेत, आणि ते काम संपवून स्वतः बाहेर येऊन पायात बूट घालेपर्यंत टाकी क्रमांक चारमध्ये दूध सोडू नये, ही नम्र विनंती."