कोंबडीची चोच

वर्षअखेरच्या मेजवानीला आमच्या चहाच्या पेढीवर अख्खी उकडलेली कोंबडी मांडतात, मुंडक्यासकट. ताट ठेवताना तिची चोच ज्याच्याकडे वळवली, त्याने काय ते समजायचं. नव्या वर्षात त्याने कामावर यायचं नाही. थाउके, म्हणजे आमचे मालक, तोंडाने कधी कोणाला ‘जा’ म्हणत नाहीत. ते काम कोंबडी करते.

आमच्या बेटावर जपान्यांचं राज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी या स्वयंपाकघरात लागले. तेव्हापासून तीस वर्षं ते ताट मीच मांडत आले आणि दर वर्षी चोच थाउकेंकडेच वळवत आले. तसा त्यांचाच हुकूम. चोच त्यांच्याकडे वळली की टेबलाभोवतीची चौदा माणसं सुटकेचा निःश्वास टाकायची आणि डुकराच्या मांसाने भरलेल्या पावांवर तुटून पडायची.

त्या वर्षी मेजवानीच्या दिवशी सकाळीच थाउके स्वयंपाकघरात आले. मी मुळा कापत होते. त्यातली एक चकती उचलून तोंडात टाकत ते म्हणाले, “वहिनी, यंदा कोंबडी माझ्याकडे वळवू नका.”

“मग कोणाकडे वळवू?”

“नुसती मधे ठेवा. पुढचं मी बघतो.”

आणि मुळा कुडुमकुडुम खात गेले. मी तशीच सुरी धरून उभी राहिले. कोणाची पाळी ते मला विचारायची गरज नव्हती. माझ्या नवऱ्याची.

माझा नवरा बोक-सेंग म्हणजे भट्टीखान्याचा मुख्य. जमिनीतल्या खड्ड्यांत निखारे, वर राखेचा थर, त्यावर वेताच्या टोपल्या आणि टोपल्यांत चहा. तो किती शेकला हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. बोक-सेंगचं नाक म्हणजे नदीकाठच्या अख्ख्या पेठेत एक नंबर. पण उन्हाळ्यात त्याला ताप आला, अकरा दिवस राहिला आणि जाताना ते नाक घेऊन गेला. मला कळलं ते भातामुळे. मी विहिरीवर गेले होते. परत येते तो भात बुडाला लागून कोळसा झालेला, घरभर धूर, आणि हा बाबा चुलीपासून दोन हातांवर बसून शांतपणे चप्पल शिवतोय.

“अहो, वास नाही आला?”

त्याने भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आज चार आठवडे झाले,” म्हणाला. “कशाचाच येत नाही.”

मी खूप चिडले. चार आठवडे हा माणूस हजारो शेर चहा नुसत्या अंदाजाने शेकत होता! पण त्याने चप्पल बाजूला ठेवून ते काळं भांडं स्वतःच घासायला घेतलं, म्हणून मी जास्त बोलले नाही. भट्टीवाल्याचं नाक गेलं की तो कोळसे वाहण्याच्या कामाचाही राहत नाही. आणि आम्हाला राहायला खोली होती ती पेढीच्याच मागे.

मग आम्ही एक शक्कल काढली. माझं नाक शाबूत होतं. तीस वर्षं फोडण्या करणाऱ्या बाईच्या नाकाला कमी समजू नका. मी जेवणाचा डबा घेऊन भट्टीखान्यात जायची, टोपल्यांमधून चालत जायची आणि वास घ्यायची. डबा त्याच्या डावीकडे ठेवला तर ‘अजून राहू दे’. उजवीकडे ठेवला तर ‘झाला, उतरव’. टोपली किती तापली हे तो हाताच्या पालथ्या बाजूने अजून अचूक सांगायचा, हात काही कुठे गेले नव्हते. चहा बोटीने जावा बेटावर गेला, तिकडून आणखी मागणी आली. आम्हाला वाटलं, निभावलं.

फक्त एकच घोटाळा होता. चहाचा दिवसातून पाच वेळा वास घ्यावा लागतो, म्हणून डबाही पाच वेळा जायचा. थाउकेंचा मुलगा बेंग-चून एकदा अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, “बोक-सेंगकाका दिवसाला पाच वेळा जेवतात, तरी वाळतच चाललेत. काकू, डब्यात देता काय?”

“तुझं डोकं शिजवून देते,” मी म्हटलं. “त्यात खाण्यासारखं फार नसतं, म्हणून वाळतात.”

सगळे हसले. थाउके वरच्या सज्जात उभे होते, तेही हसले. तेव्हा मला त्या हसण्यात काही वावगं दिसलं नाही.

माणूस वाईट असता तर त्या सकाळचं बोलणं मला इतकं लागलं नसतं. हे आमचे थाउके, ओंग किम-सुई, बुनसानच्या डोंगरातले. बापाने समुद्रापलीकडून ओल्या चिंध्यांत गुंडाळून आणलेली चहाची रोपं, तीच त्यांची सगळी पुंजी. आज तीन डोंगर त्यांच्या चहाने हिरवे आहेत आणि परदेशी पेढ्यांचे गोरे खरेदीदार त्यांच्या दारात खुर्ची मागून घेतात. तरी जमिनीवर चहाचं एक पान पडलेलं दिसलं की हा माणूस वाकून उचलतो. चिक्कू आहेत, ते मी तोंडावर सांगितलंय. पण नदीला पूर आला, आमच्या तेव्हाच्या वस्तीतली घरं वाहून गेली, तेव्हा याच चिक्कू माणसाने निर्यातीच्या पेट्या कोठारातून उघड्या अंगणात काढल्या आणि त्या जागी आमची अंथरुणं घातली. त्यातल्या किती पेट्या भिजल्या ते त्यांनी आम्हाला कधी ऐकवलं नाही. त्या कोठारात मी एकवीस दिवस झोपले. ते मी विसरलेली नाही.

म्हणूनच त्या दिवशी कोंबडी उकडताना मला रडूही येत होतं आणि रागही. फसवलं होतं आम्हीच. ते काढून टाकणार, तर चूक काय? पण चौदा माणसांसमोर, त्याच्याच बायकोने मांडलेल्या ताटातून? मग मी एक मूर्खपणा केला. कोंबडीची मान वळवली, मुंडकं पंखाखाली खुपसलं आणि दोऱ्याने घट्ट बांधलं. आता चोच कोणाकडेच नव्हती. असलीच तर तिच्या स्वतःच्या शेपटीकडे.

भूमिदेवाला नैवेद्य दाखवून झाला. सगळे टेबलाभोवती बसले. बोक-सेंग नेहमीच्या जागी, थाउकेंच्या डाव्या हाताला, नवीन सदरा घालून. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. ताट मधे ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

हिशेबनीस तान अर्धवट उठून ताटात डोकावला. “हिचं मुंडकं कुठंय?”

“झोपलीय,” बेंग-चून म्हणाला.

“थंडी आहे,” मी दारातून म्हटलं.

थाउकेंनी चॉपस्टिक्स घेतल्या, शांतपणे दोरा सोडवला आणि मुंडकं बाहेर काढून सरळ केलं. चोच हिशेबनिसाकडे आली. बिचारा पांढराफटक पडला. मग थाउकेंनी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवायला लागले. माणसामागून माणूस चोच पुढे सरकत होती. बोक-सेंगपाशी आली. त्याने मान खाली घातली.

ताट थांबलं नाही. बोक-सेंगला ओलांडून आणखी थोडं फिरलं आणि मग थांबलं. चोचीसमोर कोणीच बसलेलं नव्हतं. तिथून सरळ रेषेत स्वयंपाकघराचं दार होतं, आणि दारात मी.

“वहिनी,” थाउके म्हणाले, “उद्यापासून स्वयंपाकघरात यायचं नाही.”

माझा तोल गेला. “का? मीठ कमी पडलं कधी? तीस वर्षांत एकदा तरी भात कच्चा वाढला? पुराच्या वर्षी गुडघाभर पाण्यात चूल पेटवली ती कोणी? मला काढताय? काढायचंच तर–”

आणि जीभ चावली. पुढे नवऱ्याचं नाव येणार होतं.

“तर कोणाला काढू?” थाउके म्हणाले. “बोक-सेंगला? त्याला कसा काढू? माझा पहिला चहा नावेत भिजला, तेव्हा पेठेतल्या सगळ्या जाणत्यांनी नदीत फेकून दे म्हणून सांगितलं. बावीस वर्षांचा हा पोरगा म्हणाला, द्या इकडे. चार दिवस खड्ड्यावर तोंड धरून बसला. भुवया जळाल्या त्याच्या. ते तीन डोंगर लोक माझे म्हणतात. त्याच्या नाकावर उभे आहेत ते.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “ते नाक गेलं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. मी पण चहावाला आहे, वहिनी. आणि मग चहा पुन्हा सुधारला. तो कोणाच्या नाकाने सुधारला, तेही कळलं. डबा डावीकडे, डबा उजवीकडे. वरच्या सज्जातून सगळं दिसतं.”

बोक-सेंगने तोंडावर हात ठेवला होता.

“आता भट्टीला दोन मुख्य,” थाउके म्हणाले. “हात त्याचे, नाक तुमचं. माझ्या इथे चहा शेकणारा माणूस या टेबलावर बसतो. बेंग-चून, स्टूल आण.”

“आणि आम्हाला जेवायला कोण घालणार?” बेंग-चून उठता उठता म्हणाला.

“अंडी उकडून खाऊ. सगळ्यांचीच पोटं सुटलीत.”

बेंग-चूनने आणलेल्या स्टुलावर मी बसले. तीस वर्षं ज्या टेबलाभोवती मी ताटं घेऊन फिरले, त्याची उंची किती आहे हे मला बसल्यावर कळलं. थाउकेंनी कोंबडीचं मुंडकं तोडून माझ्या वाडग्यात घातलं. मी ते खाल्लं. आजवर इतकी चविष्ट कोंबडी मी केली नव्हती. ते मी थाउकेंना सांगितलं, आणि त्यांचे उपकारही मानले, रडत रडत, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटली नाही.

जेवण झाल्यावर आमच्याकडे वर्षातल्या शेवटच्या भट्टीचा चहा येतो. पहिला पेला भट्टीच्या मुख्याने घ्यायचा, वास बघायचा आणि कसा झालाय ते सांगायचं. तोवर बाकीच्यांनी पेल्याला हात लावायचा नाही. बोक-सेंगने पेला उचलला, सवयीने नाकाशी नेला. मग खाली आणला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“सिओक,” तो म्हणाला, “कसा आहे गं?”

सहा महिने या प्रश्नाचं उत्तर मी डब्याने देत होते. मी पेल्यावर वाकले. भाजलेल्या तांदळाचा वास होता, त्याच्या खाली मोगरा, आणि अगदी तळाशी राखेचा, त्याच्या सदऱ्याला येतो तसा.

“उजवीकडे,” मी मोठ्याने म्हटलं.

हिशेबनीस उजवीकडे बघायला लागला. थाउके हसत सुटले, आणि मग सगळ्यांनी पेले उचलले.