चावीचं घड्याळ

ग्यानोबाचं घड्याळ रोज रात्री कधीतरी बंद पडायचं. पहाटे पाचला उठून तो ते फळीवरून काढायचा, तर काटे कधी दोनवर, कधी सव्वातीनवर गप्प उभे. मग मनगटावर चार झटके द्यायचे, वेळ अंदाजानं लावायची आणि कलेक्टर कचेरीकडे पळत सुटायचं. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं, आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. ग्यानोबा टंचाई शाखेत कारकून. सकाळी सहाला पहिला टँकर सुटायचा तो त्याच्या नोंदीनं. अख्ख्या तालुक्याच्या पाण्याची वेळ लिहिणाऱ्याचंच घड्याळ झोपा काढतं, याची त्याला लाज वाटायची.

पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. घड्याळ आबांचं होतं, आणि दोन आठवड्यांनी सोमवारी आबा येणार होते.

आबा म्हणजे त्याचे वडील, व्यंकटी. मुदखेडहून इस्लापूरकडे जाणाऱ्या लाइनीवर त्यांनी तीस वर्षं गँगमन म्हणून घण मारला, रुळाखाली खडी ठासली. एका रिटायर होणाऱ्या गार्डाकडून त्यांनी हे ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं, तेव्हा सगळी गँग बघायला जमली होती. "ह्याला चावी लागत न्हाई," आबा सांगायचे. "चावीचं घड्याळ सायबाचं. खुर्चीत बसायचं अन् सांजच्याला पिळायचं. हे आपलं हाय. हात चालला की चालतं!" आणि ते चाललं. अकरा वर्षं एक दिवस थांबलं नाही. गँगचा मुकादम आबांच्या हातचं पाणी घेत नसे. वेळ मात्र त्यांनाच विचारी. आबा मनगट वळवून वेळ सांगायचे, तेव्हा त्यांची मान इतकी ताठ व्हायची की लहानपणी ग्यानोबाला वाटे, रेल्वे यांच्याच हुकमानं चालते.

ग्यानोबाला नोकरी लागली त्या दिवशी आबांनी एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. एवढंच म्हणाले, "बंद पडू दिऊ नको."

आता ते रोज बंद पडत होतं. आबांच्या हिशेबानं याचा अर्थ एकच निघत होता, पोराचा हात चालत नाही. पोरगं आळशी निघालं. ज्या बापानं घामावर घड्याळ चालवलं, त्याच्यासमोर हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

बाजारपेठेतल्या गोलाईजवळ शरणप्पांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटाएवढा खोका. पण डोळ्याला भिंग लावून शरणप्पा आत बसले की बाहेर कोण उभं आहे याची त्यांना फिकीर नसे. त्यांनी घड्याळ उघडलं, धुतलं, तेल दिलं. दोन दिवसांनी ते परत बंद. मग त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातावर बांधून सायकल हाणत घर-दुकान केलं. घड्याळ एकदाही थांबलं नाही.

ग्यानोबा चिडला. "मामा, तुमच्या हातावर चालतं अन् माझ्याच हातावर मरतं? ह्याला काय माणसं वळखायला येतंय?"

"साहेब, एक सांगा," शरणप्पांनी भिंग काढलं. "दिवसभर तुमचा डावा हात काय करतो?"

हा प्रश्न ग्यानोबाला जन्मात कुणी विचारला नव्हता. शरणप्पांनी त्याला स्टूल दिलं आणि कचेरीत बसतो तसं बसून दाखवायला सांगितलं. ग्यानोबा बसला. उजव्या हातानं लिहिल्यासारखं केलं, आणि डावा पंजा आपोआप फळीवर दाबून बसला.

"हा हात हालत न्हाई?"

"कसा हालंल? कचेरीच्या खिडक्यांना अजून तावदानं न्हाईत. हात काढला की टँकरचं रजिस्टर फडफडतं."

शरणप्पा पोट धरून हसले. त्यांनी घड्याळाची पाठ उघडून आतलं अर्ध्या चकतीचं वजन दाखवलं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, भरते. "घड्याळाला रोग न्हाई, साहेब. उपाशी हाय बिचारं. दिवसा पोटात काही पडत न्हाई, तर रातभर कशावर चालंल? पण ह्याला चावी बी देता येती. झोपताना वीस पीळ द्या, सकाळी टकटक करून उठवंल."

"चावी न्हाई देणार," ग्यानोबा एकदम म्हणाला आणि घड्याळ उचलून चालू लागला. शरणप्पांना काही उमजलं नाही. आबांच्या घड्याळाला चावी द्यायची म्हणजे आबांच्याच हातात टेकायला काठी दिल्यासारखं, हे त्यांना कसं उमजावं?

मग ग्यानोबानं हाताची कसरत सुरू केली. जेवण झालं की अंगणात उभं राहून डावा हात पुढं-मागं, पुढं-मागं. बायको सुमन ओट्यावरून बघायची. "त्यापरीस मिरच्या कुटा की," ती म्हणाली. "घड्याळाचं बी पोट भरंल अन् माझं बी काम हुईल." त्यानं खरंच दोन दिवस मिरच्या कुटल्या. डोळे सुजले, घड्याळ पहाटे चारपर्यंत पोचलं.

सोमवारी आबा आले. रेल्वेच्या माणसाला नांदेडहून एसटीनं यावं लागलं म्हणून ते आधीच तणतणत होते. मंगळवारी पहाटे ग्यानोबा तोंड धुऊन आत आला, तर आबा फळीपुढे उभे. हातात घड्याळ. काटे तीन वाजून दहा मिनिटांवर.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "हात चालत न्हाई का रं तुझा?"

आबांनी धोतर सावरलं, टोपी घातली. "चल. बघू दे तुझं काम."

आबा दिवसभर शाखेच्या दारातल्या बाकावर बसून होते. ऊन तापलं, खिडकीतून धुळीचे लोट आत आले. ग्यानोबाचा डावा हात रजिस्टरवर खिळलेला आणि उजवा सारखा लिहितोय. माणसांची रीघ लागली होती. कुणाची खेप चुकली होती, कुणाकडे टँकर अर्धाच पोचला होता. ग्यानोबा प्रत्येकाचं ऐकून घेत होता, पान उलटून तारीख दाखवत होता, ड्रायव्हरला फैलावर घेत होता. दुपारी आप्पासाहेब म्हणून एक पांढऱ्या फेट्याचे बागायतदार आले. त्यांच्याही विहिरींनी तळ गाठला होता. खुर्ची समोर होती, तरी ते उभेच राहिले. "ग्यानोबाराव, आमच्या गावाला एक खेप वाढवून द्या. बाया दोन कोस चालायल्यात."

"आधी बसा," ग्यानोबा म्हणाला. त्यानं नोंदी तपासल्या, गावची शिरगणती बघितली आणि खेप मंजुरीला पाठवली. डावा हात तेवढा वेळही हलला नाही.

बाकावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

संध्याकाळी घरी परतताना ग्यानोबानं सगळं कबूल केलं. शरणप्पा काय म्हणाले, चावी का दिली नाही, मिरच्यासुद्धा. घरी येऊन आबा ओट्यावर बसले आणि हात पुढे केला. "काढ घड्याळ."

ग्यानोबाला वाटलं, आता हे परत मुदखेडला जाणार. त्यानं पट्टा सोडून घड्याळ आबांच्या हातावर ठेवलं.

"माझ्या हातचं पाणी मुकादम पीत नव्हता," आबा म्हणाले. "आज तुझ्या हातानं गावंच्या गावं पाणी प्यायलीत. अन् त्या फेटेवाल्याला तू बसा म्हणलास. माझा हात तीस वर्षं हालला, तवा कुठं तुझा हात कागदावर टेकला. तो हालायचा न्हाई आता. चावी कशी देत्यात, दाव मला."

ग्यानोबानं दाखवलं. घणानं सोललेल्या त्या जाड बोटांत घड्याळाची नाजूक गुंडी सापडेना. सापडली तेव्हा आबांनी मोठ्यानं मोजत वीस पीळ दिले, कान लावून ऐकलं आणि स्वतःच्या हातानं ते पोराच्या मनगटावर बांधलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. शेजारच्यानं वेळ विचारली. आबांनी सवयीनं मनगट वळवलं, ते मोकळं होतं. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घड्याळ पोराकडं हाय. कलेक्टर कचेरीत असतो. त्याच्या हातावर आता ते आपसूक चालत न्हाई. चावी द्यावी लागती!"