कुठल्या मिसेस हॅस्केल?

फिलीनाची मुलगी थर्झा, थर्झाची विनिफ्रेड आणि विनिफ्रेडची अल्थिया. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरील त्या लहानशा गावात चर्चच्या निधीसाठीच्या शनिवारच्या जेवणावळी या घराण्यातील बायकांनीच चालवल्या. काकवी घालून भाजलेला घेवडा आणि वाफवलेला तपकिरी पाव यांच्या जोरावर चर्चचे छप्पर उभे राहिले, कित्येक घरांचे दवाखाने निभावले. मात्र चौघींपैकी एकीनेही शाळेपुढची पायरी चढलेली नव्हती आणि ते अल्थियाला आयुष्यभर बोचत राहिले.

नवरा ऑरिन तिला सोडून डार्लीनकडे गेला, तिच्याशी लग्न केले, पुढे वारलाही. मुले दूरच्या राज्यांत स्थिरावली. सत्तरी उलटल्यावर अल्थियाने कॉलेजात नाव घातले. वर्षानुवर्षे वर्गात बसण्याइतका अवधी तिच्यापाशी नव्हता. दृष्टी मंदावत चालली होती आणि पानगळीपर्यंत अक्षरे दिसतील याची हमी डॉक्टर देत नव्हते. पण वर्गाबाहेर शिकलेल्याचेही श्रेयांक मिळतात हे कळताच तिने ती वाट धरली. इतिहासाचे श्रेयांक एका परीक्षेत पदरात पाडून घेतले, रुग्णसेवेच्या जुन्या प्रशिक्षणाचे मान्य करवून घेतले. आता तीनच उरले होते. मोठे स्वयंपाकघर आपण चालवले आहे एवढे सिद्ध झाले की मे महिन्यात पदवी.

पुरावा म्हणून तिने गावच्या साप्ताहिकातली कात्रणे नेली. मूल्यमापन करणाऱ्या पॉमर्लोबाईंनी ती एकेक करून वाचली.

"यात तुमचं नाव कुठं आहे?"

"हे काय, मिसेस ऑरिन हॅस्केल."

"हे तुमच्या यजमानांचं नाव झालं."

"आमच्याकडे तसंच छापायचे. स्वतःच्या नावानं छापून आली ती बाई एकतर मेलेली, नाहीतर पोलिसांनी धरलेली."

पॉमर्लोबाई हसल्या, मग थांबल्या. "पण त्यांची दोन लग्नं झाली होती, असं तुम्हीच लिहिलंय. आणि कात्री चालवताना तारखा उडवल्यात. मग यातल्या कुठल्या मिसेस तुम्ही? तुमच्या शेजारी उभं राहून काम केलेलं कुणी आणा. तेवढं पुरे."

घरी येऊन ती फोनपाशी बसली. आठवेल ते प्रत्येक नाव चर्चमागच्या टेकडीवर दगडाखाली निजलेले होते. संध्याकाळी ॲरिझोनाहून मुलाचा, वेंडेलचा फोन आला.

"आई, तीन क्रेडिटांचं काय घेऊन बसलीस? पुढच्या सत्रात एखादा सोपा कोर्स घे की."

"बघते," ती म्हणाली. डोळ्यांचे तिने त्याला सांगितलेच नव्हते. फोन ठेवल्यावर घरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

त्या स्वयंपाकघरात काम केलेल्यांपैकी जिवंत अशी एकटी डार्लीन होती. एकाच दुकानात दोघी सामान घेत आणि एकमेकींना पाहून वाट बदलत. अल्थिया दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या आत. कुत्रा चावत नाही. मीसुद्धा नाही."

"बसायला आले नाही. मला साक्षीदार हवाय. बाकीच्या सगळ्या टेकडीवर आहेत."

"म्हणजे मी उरले म्हणून आलात."

"हो."

"खोटं तरी बोलायचंत." डार्लीनने अंगातला स्वेटर आवळून घेतला. "मनोऱ्याच्या जेवणाचंही सांगावं लागेल मग."

"ते मी मागितलेलं नाही."

"माहितेय. तुम्ही कधीच मागितलं नाहीत, तोच तर त्रास आहे."

चर्चचा मनोरा दुरुस्त करायचा होता त्या वर्षी त्यासाठीच्या जेवणाचा भार डार्लीनवर होता, आणि आठवडाभर आधी तिचे तान्हे बाळ गेले. ती अंथरुणातून उठेना. अल्थिया न सांगता मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, साऱ्या तालुक्याला जेवू घातले आणि मागच्याच दाराने निघून गेली. साप्ताहिकाने मिसेस ऑरिन हॅस्केल यांचे, म्हणजे तेव्हा डार्लीनचे, तोंडभरून कौतुक केले. ते डार्लीनने मुकाट्याने घेतले. त्या कौतुकावर पुढे स्वयंपाकघर तिच्या हाती आले, दारावर तिच्या नावाची पितळी पाटी लागली. अल्थियाने मात्र त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकले नाही.

सोमवारी पॉमर्लोबाईंसमोर डार्लीनने कात्रणांचे दोन ढीग केले, एक अल्थियाचा, एक स्वतःचा. तिचा ढीग लहान झाला.

"आणि हे?" मनोऱ्याच्या जेवणाच्या कात्रणावर बोट ठेवून पॉमर्लोबाईंनी विचारले. "सगळ्यांत मोठं काम तर हेच दिसतंय."

"तेही यांचंच. माझं मूल गेलं होतं. मी निजून होते आणि श्रेय घेतलं." ती खुर्चीत ताठ बसून बोलत होती. "काल चर्चमध्ये उभं राहून सांगितलं सगळ्यांना. पाटी काढायला सांगितलीय."

पॉमर्लोबाईंनी कागदावर सही केली आणि तिन्ही श्रेयांक मंजूर झाल्याचे सांगितले.

बाहेर दोघींच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. खाडीवरून गार वारा येत होता. अल्थियाला वाटले, कॉफी घेऊ या म्हणावे. इतकी वर्षे या गावात तिची आठवण कुणाच्या मनात रोज खुपत राहिली असेल, तर ती या एकाच बाईच्या; आणि हिशेब मिटला की तेही थांबणार.

डार्लीनने किल्ली काढली. "फिटलं ना आता?"

"सगळं फिटलं," अल्थिया म्हणाली.

डार्लीनने मान हलवली, गाडीत बसली आणि मागे न पाहता निघून गेली.