कामोलीची खिडकी मुशैरिबमध्ये

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. दोहा शहरातल्या मुशैरिब वस्तीत, एका खोलीतल्या कपाटावर माझा मुक्काम असतो. पाहुण्यांची मुलं मला बघून "हा रेडिओ की मिक्सर?" असं विचारतात. मित्रांनो, माझ्या पोटात ना गाणी आहेत, ना चटणी. भिंगातून उजेड सोडायचा आणि टिचभर चित्र भिंतभर करून दाखवायचं, एवढंच माझं काम. पण या कामानं एकदा एक संसार सावरला. बढाई वाटेल, पण ऐकून तर घ्या.

माझा जन्म जर्मनीतल्या कारखान्यात झाला. मला विकत घेतलं बर्तोलोसाहेबांनी. हे इटलीचे इंजिनियर. १९७४ साली ते नोकरीसाठी कतारला आले, तेव्हा एका बॅगेत त्यांचे कपडे होते आणि दुसरीत मी आणि माझ्या स्लाइडांचा डबा. डब्यात एकच गाव होतं, त्यांचं स्वतःचं, समुद्रकाठचं कामोली.

साहेबांची गाडी फजल चालवायचा. फजल रत्नागिरीकडचा, हर्णै बंदरचा. दर शुक्रवारी साहेब मला त्याच्या हवाली करत. नमाज आणि जेवण उरकलं की खिडकीवर ब्लँकेट टांगून फजलच्या खोलीत अंधार केला जाई आणि तिथं राहणारे सगळे कामगार खाटांवर दाटीवाटीनं बसत. साहेबांनी सांगितलेलं फजल मीठमसाला लावून सांगे आणि मी चित्रं दाखवी. आमची जोडी चांगली जमली होती.

भिंतीवर कामोली उमटायचं: बंदराला लागून उंच उंच घरं, पिवळी, केशरी, गुलाबी. दर्यावरून परतणाऱ्याला आपलं घर लांबूनच ओळखू यावं म्हणून हे रंग, असं तिथले लोक सांगतात. एके काळी या चिमुकल्या गावाची शिडाची जहाजं जगभर फिरायची. पुढे आगबोटी आल्या आणि तो थाट ओसरला. पाण्यात घुसलेल्या खडकावर चाच्यांवर नजर ठेवणारा ड्रागोनाराचा किल्ला, शेजारी लाटांचे शिंतोडे झेलणारं चर्च. टुना मासे धरायचं जाळं तर नारळाच्या काथ्याचं! ते ऐकून फजलची छाती फुगायची, जणू काथ्या त्यानंच वळून पाठवला होता. शेवटी यायची मे महिन्यातल्या जत्रेची स्लाइड. खोलीएवढ्या तव्यात मासळी तळायची आणि आल्यागेल्याला फुकट वाटायची.

"ह्या तव्यावर आमच्या आख्ख्या गावाची एकच भाकरी व्हईल की!" निवृत्ती म्हणायचा. हा बार्शीकडचा रंगारी, फजलचा खोलीतला जिवाभावाचा सोबती.

"पर गावाचं नाव कामवाली कसं ओ?" त्यानं एकदा विचारलं.

"कामवाली नाय रे, कामोली! म्हणजे बायकांची घरं. पुरुष सगळे दर्यावर, घरात बायकाच. म्हणून ता नाव पडला, असा साहेब सांगतो."

सगळेच आपापल्या बायकांना गावी ठेवून आले होते. मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हे आपलंच गाव झालं!" आणि वाटणी सुरू झाली. पिवळ्या घराची वरची खिडकी फजलची, गुलाबी घराची मधली निवृत्तीची. जो तो आपल्या खिडकीत आपली बायको उभी आहे असं समजायचा. एकदा एकानं दुसऱ्याच्या खिडकीकडे टक लावून पाहिलं, तर खरोखर भांडण जुंपलं.

साहेब कायमचे मायदेशी निघाले तेव्हा निरोप घ्यायला खोलीवर आले आणि मला स्लाइडांच्या डब्यासकट फजलला देऊन टाकलं. खिडक्यांची वाटणी ऐकून ते पोट धरून हसले. "निवृत्ती, तुमारा खिडकी तो पेंटिंग है!" कामोलीत कितीतरी खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या असतात, झडपा, चौकट, सावलीसकट. बिचाऱ्या निवृत्तीचं तोंड पडलं. पण रंगारीच तो. दुसऱ्या मिनिटाला मी भिंतीवर पाडलेल्या चित्राजवळ उभा राहून ती सावली निरखू लागला.

आता खरी गोष्ट. १९८२ साली, वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर, फजलनं आपल्या बायकोला, जैतूनला, दोहाला आणलं. त्यानं मुशैरिबमध्ये वेगळी खोली घेतली. खोलीला खिडकी एकच, आणि तीही एसीच्या खोक्यानं बुजवलेली. हर्णैच्या गाजेवर झोपणारी जैतून तिथं कोमेजून गेली. फजल तिला कॉर्निशवर, म्हणजे दोहाच्या किनारी रस्त्यावर, समुद्र दाखवायला घेऊन गेला, तर म्हणाली, "ह्यो कसला समुद्र? लाट नाय, आवाज नाय. ताटात पाणी ओतल्यागत!"

तिनं ट्रंक उघडलीच नाही. वरवरचे चार कपडे काढले तेवढेच. "मना हय दम कोंडतो. व्हिसा संपला की मी जाते," तिनं सांगून टाकलं. ती गेली की पुन्हा कॅसेटवरचा संसार. तिनं तिकडे बोलून भरायची, यानं इकडे ऐकायची. फजलला घास गोड लागेना.

त्यानं निवृत्तीला गाठलं. निवृत्ती म्हणाला, "भिंत फोडाया मालक देनार न्हाई. पर खिडकी रंगवाया काय हरकत हाय?"

त्या शुक्रवारी मी माझी सगळी ताकद लावली. कामोलीची ती गुलाबी घराची खिडकी मी भिंतीवर पाडली आणि निवृत्तीनं तिच्यावरून पेन्सिल फिरवली. माझा दिवा तापला, पंखा घरघरू लागला, पण मी हललो नाही. मग हिरव्या झडपा आल्या, चौकट आली, खालची सावली आली. जैतून दारात उभी राहून बघत होती. फजलच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मग ती पुढे येऊन म्हणाली, "बंद का काढली?"

"उघडी ठिवली तर वाळू आत येईल, भाभी. झाडत कोन बसनार?"

जैतून हसली. दोहात आल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगली खळखळून हसली. मग तिनं ट्रंक ओढली, कुलूप काढलं आणि तळातून फुलाफुलांचं कापड बाहेर घेतलं.

"खिळे आणा."

"कशाला?" फजल म्हणाला.

"पडदा नको? समोरचे लोक बघतील."

"अगो, भिंत आहे ती!"

"असू दे. माझा घर उघडा नाय ठेवायचा मना."

माझं घर! फजलनं निवृत्तीचा हात धरला. "यल्ला, चल, खिळे!" म्हणत दोघं अनवाणीच बाजाराकडे पळाले. मित्रांनो, मला टाळ्या वाजवता येत नाहीत, नाहीतर त्या दिवशी मी वाजवल्या असत्या.

पुढे व्हिडिओ आला. माझा दिवा उडाला, तसा दुसरा कुठं मिळेना, आणि मला कपाटावर चढवलं. वाळवंटातली धूळ माझ्या भिंगावर बसली. मी रुसलो. वाटलं, गरज सरो नि वैद्य मरो.

पण जैतून आठवड्यातून एकदा तो पडदा काढते, धुते, उन्हात वाळवते आणि परत लावते. लावताना स्टुलावर चढते, तेव्हा फडकं माझ्यावरूनही फिरवते. माझा रुसवा कधीच गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं थकलेलं यंत्र माळ्यावर पडलं असेल. ते चालत नाही, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आमच्या जैतूनला पक्कं ठाऊक आहे, ती खिडकी कधीच उघडणार नाही. पडदा ती तरीही धुते.