अंबरातल्या नराचे डोळे

वादळानंतर स्टेग्नाच्या किनाऱ्यावर सापडलेला अंबराचा, म्हणजे झाडाच्या युगानुयुगं गोठलेल्या डिंकाचा, खडा गेरार्डकाकांनी ग्दान्स्कच्या संग्रहालयात आणून तिथल्या कीटकतज्ज्ञ बोग्नाच्या हातावर ठेवला होता. "आत चिलट आहे. बघ, कामाचं असलं तर."

चिलट नव्हतं ते. खवलेकिड्याचा नर होता. दोनच पंख, मागे मेणाचे लांब धागे. पंखांच्या शिरा पाहून बोग्नाला वाटत होतं, ही प्रजातीच नवी, केव्हाच नामशेष झालेली. पण कुल, म्हणजे किड्याचं घराणं, कोणतं? ते डोळ्यांवरून ठरणार. माशीसारखा जाळीदार डोळा, की डोक्याभोवती सुट्या डोळ्यांची माळ? आणि नेमकी डोक्यावरच अंबरात दुधाळ साय धरलेली. खडा घासून पातळ केल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. असा दुसरा नमुना कुणाकडे असल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं, म्हणून ती कधीची चालढकल करत होती.

आज काका स्वतःच येऊन थडकले.

"अजून हातसुद्धा लावला नाहीस?"

"फुटला तर, काका?"

"समुद्रानं तरी कुठे जपून आणला होता?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला!" म्हणत ती बसली एकदाची.

ओल्या पॉलिश कागदावर जरासं घासायचं, पुसायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. काका अगदी पाठीला खेटून उभे.

"मागे सरा ना, उजेड अडवताय माझा."

"दिवा तर तुझ्या पुढ्यात आहे, पोरी."

साय विरळ होऊ लागली. आणि टिक् असा बारीक आवाज आला. कडेपासून एक चीर थेट किड्याकडे गेली होती. बोग्नाने घासणारा हात जागीच थांबवला.

"काय झालं गं?"

"बोलू नका आता."

तिने चिरेत पातळ राळेचा थेंब सोडला. तो घट्ट होईपर्यंत बघत बसण्यावाचून इलाज नव्हता. काकांनी पिशवीतला गोड पाव पुढे केला, पण तिने तो बाजूला सारला.

"मीच घाई केली तुला," काका खाली मान घालून म्हणाले.

राळ घट्ट झाल्यावर तिने जीव मुठीत धरून पाहिलं. चीर थांबली होती. डोक्यावर काळ्या, गोल, सुट्या डोळ्यांची माळ स्वच्छ दिसत होती. कुल ठरलं! पण उजव्या स्पर्शिकेचं, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचं, टोक गेलं होतं, आणि डावी तर पहिल्यापासून अंगाखाली दबलेली.

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "काळी खसखस सांडल्यासारखं दिसतंय."

बोग्ना किड्याचं वर्णन लिहायला बसली. पहिलंच वाक्य लिहिलं: स्पर्शिकेचा शेवटचा खंड माझ्याकडून घासताना गेला.

"हे कशाला? कुणाला कळणार आहे?"

"नाही लिहिलं तर पुढच्याला वाटेल, याला टोक नव्हतंच. आणि त्यावरून तो आणखी एक नवी प्रजाती काढून बसेल."

काका खो खो हसले. बोग्नाला मात्र हसू येईना. चीर पुढे सरकली नाही ना, हे बघायला तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला.