डिंभ्याचं बी

पिंपळवंडीच्या शेटे घराण्याच्या रक्तात सात पिढ्यांत खोट नाही, हे त्रिवार सत्य होतं. सांगणारे स्वतः सावळेराम शेटे होते, आणि आजोबांच्या मागचं एकही नाव त्यांना आठवत नव्हतं.

त्यांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी. रोप वाकडं निघालं की ते आधी विचारत, बी कुणाचं? पाच वर्षांचा नातू शौर्य ताटावरून उठेना, एकदा तर गोठ्यात पेंड खाताना सापडला, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. उत्तरही स्वतःच दिलं, धाकट्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत : "आमच्यात असं खादाड कुणी न्हाई. हे डिंभ्याचं बी!"

डिंभे गावचे व्याही सोपानराव समोरच्याच ओळीत होते. पानावरची जिलबी तशीच ठेवून ते उठले आणि लेक नूतन व नातू, दोघांना घेऊन गेले.

त्याला तीन महिने झाले. मग शौर्यच्या तपासणीचा अहवाल आला. मुलगा भरत आणि सावळेराम पुण्याला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. काही ठिकाणी पेशी आईची प्रत बंद करून ठेवते. हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात असतं. तिथं काम बापाच्या प्रतीनं करायचं. शौर्यचा नेमका तोच तुकडा गळालाय, म्हणून पोट भरल्याचं त्याच्या मेंदूला कळतच नाही.

"म्हंजी आईकडचं?"

"शाबूत आहे. फक्त बंद आहे."

"आन् बापाकडचं?"

"नाहीच आहे."

भरत खिडकीबाहेर बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सावळेराम टॉवेल-टोपी घेऊन डिंभ्याला गेले. सोपानराव ओट्यावर मासेमारीचं जाळं सांधत होते.

"या पावणं. कुणाचं बी बघायला आला?"

सावळेरामांनी टॉवेल-टोपी पुढं केली. "खोट आमची हाय, सोपानराव. शेट्यांची. सात पिढ्यांची आसंल." शरमेनं मान खाली होती, पण पिढ्या काही कमी होईनात.

नूतननं कमरेच्या किल्लीनं स्वयंपाकघराचं कुलूप काढलं, चहा आणला, पुन्हा कुलूप लावलं.

"मामा, अहवालाचं दुसरं पान वाचलं का? ह्यांनी फोनवर पाठवलंय."

"दुसरं पान?"

"हे घराण्यात चालत येत नाही. तुकडा आपोआप गळलाय. ना तुमचं, ना आमचं."

म्हणजे कबुली द्यायलाही घराणं उरलं नाही. उरलं ते फक्त पंगतीत बोललेलं वाक्य, आणि ते सबंध सावळेरामांचं होतं.

"चुकलो," ते म्हणाले. "सूनबाईला धाडा."

सोपानरावांनी टोपी परत त्यांच्या हातात दिली. "मांडवात बोलला व्हता ना? तुमच्याच मांडवात, तेवढ्याच मोठ्यांदा माघारी घ्या. त्याच दिवशी धाडतो."

शेट्यांच्या घरात आता लग्नाचं कुणी उरलं नव्हतं.